मुखपृष्ठावरचं चित्र कुणाचं?

चित्र कागदावर किंवा पडद्यावर उतरलं की त्याचा कॉपीराइट आपोआप निर्माण होतो. १९५७च्या कायद्यानुसार तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणीची सक्ती नाही. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही. पावसात थांबलेली एसटी कुणीही रंगवावी, तुम्ही रंगवलेली उचलू नये.

मग चित्रं हातची जातात कुठे? बरेचदा व्यवहारातच. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ घ्या. फोनवर ठरतं, मानधन मिळतं, कागद काहीच होत नाही. कलम १७ म्हणतं, मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक काम सांगणारा. उलट ठरलं असेल तरच चित्रकार. पुढे तेच चित्र कॅलेंडरवर आलं तर चित्रकाराची बाजू लंगडी पडते. मला हे कलम अन्यायाचं वाटतं. म्हणून रंग काढण्याआधी ईमेल पाठवा: ‘चित्राचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. यंदाच्या अंकाचं मुखपृष्ठ आणि त्या अंकाची जाहिरात, एवढ्यापुरतीच वापराची परवानगी.’ समोरून ‘मान्य’ असं लेखी येईपर्यंत थांबा. संपादक ओळखीचे असले तरी थांबा.

हक्क विकायचेच असतील तर सहीचा लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क, कायमचे’ हे शब्द दिसले की रक्कम पुन्हा बोला.

हक्क विकल्यावरही कलम ५७ चित्रकाराबरोबर राहतं: नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ते त्यांना परत द्यायला लावलं, वर ५ लाखांची भरपाईही दिली.

कच्ची रेखाटनं आणि लेयर असलेली मूळ फाइल तारखेसह जपा. चोरणाऱ्याकडे फक्त शेवटचं चित्र असतं. ऑनलाइन टाकताना लहान आकाराची प्रत टाका. सही कोपऱ्यात केली तर ती सहज कापली जाते.

तरीही चोरी झालीच, तर आधी लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच संकेतस्थळाला लेखी तक्रार करा. नियमानुसार त्यांनी ३६ तासांत ते चित्र दिसणं थांबवायचं असतं. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर ते पुन्हा दाखवायला त्यांना मोकळीक आहे. त्यामुळे तक्रार केली त्याच आठवड्यात वकील गाठा.