मुक्त ज्ञानकोशातील आयुर्वेद : तटस्थतेचा अर्थ आणि आपले कर्तव्य

आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आता केवळ वैद्याच्या शब्दावर विसंबून राहत नाही. औषधाचे नाव कळताच तो भ्रमणध्वनीवर त्याची माहिती शोधतो आणि या शोधात ‘विकिपीडिया’ हा मुक्त ज्ञानकोश बहुधा अग्रस्थानी असतो. त्याच्या इंग्रजी आवृत्तीतील ‘आयुर्वेद’ या लेखात गेली अनेक वर्षे आपल्या शास्त्राचा उल्लेख छद्मविज्ञान असा होत आला आहे. वैद्यवर्गात त्याविषयी रोष असणे स्वाभाविक आहे; परंतु तो मजकूर तेथे कसा टिकतो, हे समजून घेतल्याखेरीज त्यावर उपाय सापडणार नाही.

या प्रश्नी ‘आयुर्वेदिक मेडिसिन मॅन्युफॅक्चरर्स ऑर्गनायझेशन ऑफ इंडिया’ या औषध-उत्पादकांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. अनिरुद्ध बोस व न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने ती याचिका फेटाळली. लेखात बदल करण्याची सोय याचिकाकर्त्यांनाही उपलब्ध आहे, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. मात्र अनेक वैद्यांचा अनुभव असा की, केलेला बदल काही वेळातच पुसला जातो. त्यामागे केवळ द्वेष आहे, असे मानणे योग्य होणार नाही.

वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात तज्ज्ञ लेखक नोंद लिहितो, संपादक मंडळ ती तपासते आणि नोंदीखाली लेखकाचे नाव येते. २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात अशी व्यवस्था नाही. तेथे लिहिणाऱ्याच्या पदवीला वजन नसते, त्याने दिलेल्या आधाराला असते. तीस वर्षे चिकित्सा केलेला वैद्य आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचे विधान एकाच कसोटीवर पारखले जाते. ही कसोटी म्हणजे ते विधान विश्वसनीय, स्वतंत्र व प्रकाशित साधनात आढळते की नाही.

कारधा परिसरातील उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. पाणी आपल्या अंगणात कोठवर चढले, हे नदीकाठचे प्रत्येक घर सांगू शकेल आणि ते खरेही असेल. तथापि पुराची नोंद करताना कारधा येथील मापनस्थानाची प्रसिद्ध झालेली पातळीच ग्राह्य धरली जाते, कारण ती कोणालाही पडताळता येते. नोंद झाली नाही म्हणून पूर आला नव्हता, असे ठरत नाही; पण नोंदीवाचून तो कोशात लिहिताही येत नाही. आपल्या रुग्णपत्रकांत पडून राहिलेल्या अनुभवाची स्थिती नेमकी हीच आहे.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चार प्रमाणे मानली. विकिपीडिया वैद्याचे स्वतःचे प्रत्यक्ष स्वीकारत नाही. त्याची पद्धत आप्तोपदेशाच्या जवळ जाते. परंतु आप्त कोणाला म्हणावे, याचा तेथील निकष वेगळा आहे. वैद्यकीय विधानांसाठी अनेक संशोधनांचे पद्धतशीर समालोचन करणारे निबंध आणि मान्यवर संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे यांना तेथे प्राधान्य मिळते. संहितेत अमुक द्रव्याचे गुण कसे वर्णिले आहेत, हे संहितेवरील अभ्यासग्रंथाच्या आधारे लिहिता येते. ते द्रव्य रोग बरा करते, हे तेवढ्याच आधारावर लिहिता येत नाही.

येथेच तटस्थतेविषयीचा मोठा गैरसमज दूर होतो. तटस्थता म्हणजे दोन्ही पक्षांना समसमान जागा नव्हे. विश्वसनीय साधनांत ज्या मताला जेवढे स्थान, तेवढ्याच प्रमाणात त्याचा निर्देश, असा तिचा अर्थ आहे. प्रकृती, देश, काल व बल पाहून होणारी आपली चिकित्सा आधुनिक चाचण्यांच्या साच्यात सहज बसत नाही, हा आक्षेप विचारार्ह आहे; पण तोही प्रकाशित साधनांतूनच पुढे यावा लागतो.

२००८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात महाजालावर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. हा मजकूर खोडून टाकणाऱ्याचे संपादन टिकणार नाही आणि टिकूही नये; रुग्णाला ते कळण्याचा हक्क आहे. मात्र निर्यातीसाठीच्या वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी जानेवारी २००६ पासून केंद्र शासनाने अनिवार्य केली, ही माहिती आधारासह जोडण्यास कोणाची हरकत असू नये.

औषधनिर्मात्यांनी व औषधालयमालकांनी आणखी एक पथ्य पाळावे. ज्या विषयात आपला आर्थिक हितसंबंध आहे, त्या लेखात थेट बदल न करता तो संबंध उघड करून चर्चापानावर सूचना मांडावी, अशी तेथील अपेक्षा आहे. मोबदला घेऊन लिहिणाऱ्यास तर तसे जाहीर करणे २०१४ पासून बंधनकारक आहे. चोवीस तासांत एकाच लेखातील इतरांचे बदल तीनपेक्षा अधिक वेळा उलटवणाऱ्यावर बंदी येऊ शकते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिली मैत्रीपूर्ण, दुसरी जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली. चर्चापानावर विगृह्य संभाषेने आजवर फारसे साधलेले नाही. ‘आमच्या शास्त्राचा अपमान झाला’ हे वाक्य तेथे निष्फळ ठरते. ‘या विधानाला दिलेल्या संदर्भात असे म्हटलेले नाही’ हे वाक्य मात्र प्रत्येकाला तपासावे लागते.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी आपले रुग्णानुभव व्यवस्थित नोंदवावेत, अपयशही लपवू नये आणि ते परीक्षित नियतकालिकांकडे पाठवावेत. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर संहिता, ग्रंथकार व वनौषधी यांवरील लेख साधार समृद्ध करण्याचे कार्य तर आजही हाती घेता येईल. ज्ञानकोशातील आपली प्रतिमा पालटावयाची असेल, तर प्रारंभ आपल्या रुग्णपत्रकापासून करावा लागेल.