माआयोङ बुन्ताग : सेबुआनो भाषेतील अभिवादने

फिलिपिन्समधील सेबू, बोहोल आणि पूर्व नेग्रोस या भागांत, तसेच दक्षिणेकडील मिंदानाओ बेटावर दूरवर बोलली जाणारी सेबुआनो ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील, म्हणजे मलय भाषेच्या नात्यातील भाषा असून तिचे भाषक तिला बहुधा 'बिसाया' याच नावाने ओळखतात. दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कानांवर वर्गाबाहेर हीच भाषा पडते. तेथे इंग्रजीवर काम भागते, पण जवळीक साधायची तर सेबुआनोतले चार शब्द यावेच लागतात.

'माआयो' म्हणजे चांगले. त्याला पुढच्या शब्दाशी जोडणारे 'ङा' हे अव्यय स्वरान्त शब्दानंतर आखडते आणि 'माआयोङ बुन्ताग' हे सकाळचे अभिवादन तयार होते. 'माआयोङ हापोन' दुपार कलल्यावर आणि 'माआयोङ गाबि-इ' रात्री म्हणतात. सूर्य डोक्यावर येतो त्या वेळेला मात्र 'उद्तो' हा वेगळा शब्द असून भर मध्यान्हीसाठी 'माआयोङ उद्तो' असे स्वतंत्र अभिवादन आहे. उच्चारात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : 'मा' आणि 'आ' यांच्यामध्ये श्वास क्षणभर अडवायचा असतो, आणि शेवटचा ध्वनी 'वाङ्मय' या शब्दातील ङ असल्याने त्यामागून 'ग' ऐकू येता कामा नये.

'कुमुस्ता का?' हा क्षेमकुशलाचा प्रश्न मूळ स्पॅनिश 'कोमो एस्ता'चे रूप आहे. 1565 पासून 1898 पर्यंत चाललेल्या स्पॅनिश अमलाची ही खूण आता इतकी मुरली आहे की ती परकी वाटत नाही. त्यावर 'माआयो मान', म्हणजे 'बरे आहे', एवढे उत्तर पुरते.

तथापि रस्त्यात भेटलेली ओळखीची माणसे एकमेकांना 'आसा का पादुलोङ?', म्हणजे 'कुठे निघालास?', असेच अधिक सहजपणे विचारतात, आणि 'दिहा रा', 'इथेच जरा', हे उत्तर पूर्ण समाधानकारक मानले जाते, कारण विचारणाऱ्याला ठिकाण नव्हे, तर ओळख दाखवायची असते. मराठी गावांतील 'काय, कुठे निघालात?' याच जातीचे आहे. जेवत असलेला माणूस येणाऱ्याला 'माङाओन ता', 'चला जेवू', म्हणतो, तेव्हा 'बुसोग पा को', 'अजून पोट भरलेले आहे', असे सांगून नम्रपणे नकार देता येतो. दाराशी आलेला पाहुणा 'आयो!' अशी हाक घालतो, जी 'माआयो'चेच आखूड रूप आहे, आणि आतून 'दायोन!', 'या आत', असे उत्तर येते.

या भाषेचे खरे मर्म मात्र संबोधनांत आहे. टागालोग भाषेत वाक्यात 'पो' घालून आदर व्यक्त करतात, तसा शब्द सेबुआनोत रूढ नाही, आणि एका व्यक्तीसाठी, ती लहान असो वा मोठी, 'का' हेच सर्वनाम चालते. मराठीतील 'तू' आणि 'तुम्ही' यांचे काम तेथे नात्याचे शब्द करतात. वयाने मोठ्या पुरुषाला 'नोङ', स्त्रीला 'नाङ', धाकट्या मुलाला 'दोङ' आणि मुलीला 'दाय' म्हणतात, म्हणून 'माआयोङ बुन्ताग, नाङ' हे अभिवादन नुसत्या 'माआयोङ बुन्ताग'पेक्षा कितीतरी उबदार ठरते. घरातील वडीलधाऱ्यांच्या हाताची पाठ आपल्या कपाळाला टेकवण्याच्या रीतीला 'आमिन' म्हणतात, आणि तेथे शब्दापेक्षा ही कृतीच अभिवादन असते.

निरोप घेताना 'आम्पिङ', 'जपून राहा', म्हणतात. ही भाषा शिकू पाहणाऱ्या मराठी वाचकाने वेळेची अभिवादने पाठ करण्याआधी नोङ, नाङ, दोङ आणि दाय हे चार शब्द तोंडी बसवावेत.