दाढेच्या मुळाशी

फराळाचे दिवस म्हणजे दातांच्या दवाखान्यांची सुगी. किडलेली किंवा चीर गेलेली दाढ वर्षभर गप्प असते आणि नेमकी कडक चकलीवर दगा देते. मग लवंग दाबून, मेडिकलवाल्याकडून गोळी आणून भाऊबीज कशीबशी उरकायची आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे हल्ली एकच वाक्य ऐकू येतं : "रूट कॅनाल करावं लागेल." आजीच्या वेळी अशी दाढ सरळ उपटली जायची. वरची दाढ काढली तर डोळे जातात, या भीतीने काहीजण तेवढंही करायचे नाहीत. मशेरी लावून दुखणं अंगावर काढायचे.

दात उपटण्यामागे फक्त गरिबी नव्हती, एकेकाळी वैद्यकाचाच तसा कल होता. १९१० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने एक भाषण दिलं. तोंडातल्या सडक्या दातांमधून जंतुसंसर्ग शरीरभर पसरतो आणि नाना दुखणी उद्भवतात, असा त्याचा रोख होता. पुढची दोन-तीन दशकं, विशेषतः अमेरिकेत, शंका आली की काढ दात, असा सपाटा लागला. दात वाचवता येतो असं मानणाऱ्या दंतवैद्यांनी १९४३ मध्ये तिथे आपली संघटना काढली आणि १९६३ मध्ये दात वाचवण्याच्या या कामाला स्वतंत्र शाखेची मान्यता मिळाली.

१९६५ चा उंदरांवरचा एक प्रयोग मात्र निर्णायक ठरला. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढा कोरून आतला मगज, ज्याला आपण 'नस' म्हणतो, तो उघडा ठेवला. त्यात अन्नाचे कण अडकले तरी मगज मेला नाही. भोकावर नवा कठीण थर धरू लागला. साध्या उंदरांचा मगज मात्र सडून गेला. दोष जंतूंचा, हे त्यातून सिद्ध झालं. जंतू बाहेर काढा आणि पुन्हा आत शिरू देऊ नका. रूट कॅनालचं सगळं शास्त्र या एका वाक्यात मावतं.

आपल्याकडे पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात काढलं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली आला. आज बीडीएस झाल्यावर आणखी तीन वर्षं शिकून या विषयात एमडीएस झालेला डॉक्टर 'एन्डोडॉन्टिस्ट' म्हणवतो. रूट कॅनाल साधा बीडीएस डॉक्टरही करू शकतो आणि रोज करतोच. पुढच्या, सरळ एका मुळाच्या दातासाठी तज्ज्ञाचाच हट्ट धरण्याचं कारण नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

तज्ज्ञ लागतो तो दाढेला. वरची पहिली दाढ घ्या. तिला तीन मुळं, म्हणून मुळांतल्या नसेच्या नळ्याही तीनच असतील असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक दाढांमध्ये चौथी नळी दडलेली असते. तिचं तोंड सुईच्या टोकाएवढं, त्यावर अनेकदा डेन्टिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, कठडा. तज्ज्ञ मायक्रोस्कोपखाली तो कठडा हळूहळू खरवडतो, टोकाला मिलिमीटरचा दहावा भाग जाडीची जांभळ्या मुठीची फाईल घालून पाहतो, अडली की काढतो, टोक किंचित वाकवतो, पुन्हा घालतो. पेशंटच्या लेखी अर्धा तास काहीच घडत नसतं. ही नळी राहून गेली की पुढे दाढ पुन्हा ठणकते आणि "रूट कॅनाल टिकत नाही" असा डांगोरा पिटला जातो. १९८८ पासून दात सरळ करण्याच्या तारांच्या निकेल-टायटॅनियम धातूतून लवचीक फाईली घडू लागल्या, त्यामुळे वाकड्या मुळांचं काम पुष्कळ सोपं झालं. नळी शोधायचं काम मात्र अजून नजरेचं आणि चिकाटीचंच आहे.

त्याआधीचं काम याहून अवघड : दुखतंय कुठे, हे ठरवणं. खालच्या दाढेची कळ वरच्या दाढेत जाणवू शकते. सायनस भरला की वरच्या चांगल्या दाढा दुखतात. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या मज्जातंतूच्या दुखण्यात निरोगी दात काढले गेल्याची उदाहरणं आहेत. तज्ज्ञ म्हणून थंड बोळा एकेका दाताला लावतो, कळ किती वेळ रेंगाळते ते मोजतो, आरशाच्या दांड्याने टिचकी मारतो, एकेका कंगोऱ्यावर चावायला लावतो. कधी साधं फिलिंग पुरतं. कधी मूळ उभं चिरलेलं असतं आणि दात काढणंच शहाणपणाचं असतं. "इथे रूट कॅनाल नको" हे सांगण्यासाठीच खरं तर त्याला आधी गाठावं.

आपली पद्धत नेमकी उलटी आहे. शहरात काय किंवा तालुक्याच्या गावी काय, तज्ज्ञ बहुधा 'कन्सल्टंट' म्हणून फिरतो. ठरल्या वारी बॅग घेऊन येतो, आधीच ठरलेल्या दाढा उरकतो आणि पुढच्या दवाखान्याला निघतो. या व्यवस्थेमुळे लहान गावांत चांगलं काम पोचलं, हे नाकारता येणार नाही. पण निदान झालेलं असतं त्याच्या येण्याआधी. मुळाखालचं हाड भरून आलं का, हे सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे काढून बघायचं असतं, आणि तेव्हा तो समोर नसतो. पेशंटला तर अनेकदा त्याचं नावही माहीत नसतं. आपण त्याचे हात भाड्याने घेतो, डोकं आणि नजर बाहेरच ठेवतो.

फी परवडत नाही म्हणून दर दुखण्याला अँटिबायोटिकचा कोर्स करणारेही कमी नाहीत. सूज-ताप नसताना नुसती नस ठणकत असेल, तर त्या गोळीचा काही उपयोग नाही. औषध रक्तातून जातं आणि मरत चाललेल्या नसेत रक्त पुरेसं पोचत नाही. सरकारी दंत महाविद्यालयांत हेच काम माफक दरात होतं. फेऱ्या जास्त पडतात, पण काम शिक्षकांच्या नजरेखाली होतं.

तेव्हा पुढच्या वेळी खुर्चीत बसण्याआधी विचारा : काम कोण करणार आहे, आणि दाढ त्यांनी स्वतः तपासली आहे का? दातावर रबराचा पडदा लावणार का? तो लावला की लाळेतले जंतू आत जात नाहीत आणि बारीक फाईल घशात पडत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा एक्स-रे मागून घ्या, मोबाइलमध्ये ठेवा. आणि कॅप सांगितली असेल तर "आता दुखत नाही ना" म्हणून टाळू नका. पोखरलेली दाढ कॅपशिवाय चिरली, तर ती काढण्यावाचून बहुतेक वेळा इलाज उरत नाही.