निळा कोल्हा ओरडला का?

पंचतंत्रातला निळा कोल्हा आठवतो ना? कुत्री मागे लागली म्हणून पळता पळता तो निळीच्या पिंपात पडला, निळाभोर झाला आणि जंगलाचा राजा होऊन बसला. मग एका रात्री दूरवरून कोल्हेकुई ऐकू आली. त्याला राहवेना! त्यानेही मान वर करून सूर लावला आणि सोंग उघडं पडलं.

आपल्या कळंबोलीच्या शेजारी ही गोष्ट अर्धी खरी झाली होती. २०१७च्या ऑगस्टमध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत चक्क निळी कुत्री फिरताना दिसली. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. तुमच्या दादा-ताईंना विचारा, त्यांना आठवत असेल.

पण आज मला निळ्या रंगाबद्दल नाही, त्या ओरडण्याबद्दल बोलायचंय. राजेपद हातात असताना कोल्हा ओरडला का?

कारण कोल्हा हा घरातल्यांना धरून राहणारा प्राणी आहे. नवी मुंबईच्या खाडीकाठी, तिवरांच्या जंगलात, आजही सोनेरी कोल्हे राहतात. खेकडे, मासे, उंदीर, फळं असं मिळेल ते खातात. नर-मादीची जोडी सहसा वर्षानुवर्षं टिकते. कधी कधी मागच्या वर्षीची मोठी पिल्लं आईबाबांजवळच राहतात आणि धाकट्या भावंडांना सांभाळतात. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत पॅट्रिशिया मोएलमन या शास्त्रज्ञ बाईंनी काळ्या पाठीच्या कोल्ह्यांमध्ये हेच पाहिलं आणि १९७९ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. मोठी भावंडं बाळांसाठी पोटातून खाऊ आणतात आणि बिळावर पहारा देतात. अशी मदत मिळाली की जास्त पिल्लं जगतात.

मग यांची भांडणं होत नाहीत का? होतात की! पण एक कान मागे पाडतो, शेपटी खाली घालतो, अंग चोरतो. जणू सांगतो, ‘तू मोठा, मी चाललो.’ आणि तो खरंच बाजूला जातो. भांडण तिथेच संपतं.

हे ‘बाजूला जाणं’ नीट लक्षात ठेवा हं. आता आपण खूप दूर जाणार आहोत.

कोल्ह्याचा एक नातेवाईक आहे, खोकड. परदेशी गोष्टींतला धूर्त ‘फॉक्स’ म्हणजे खरं तर हाच. फिनलंड, चीन अशा देशांत मऊ फरसाठी खोकडं तारेच्या पिंजऱ्यात पाळतात. त्यांतल्या एका जातीचं नावच आहे ‘ब्लू फॉक्स’, म्हणजे निळं खोकड! ते असतं बर्फाळ प्रदेशातलं ध्रुवीय खोकड, निळसर राखाडी झाक असलेलं. युरोपातल्या शिफारशीनुसार एका मोठ्या खोकडाला निदान ०.८ चौरस मीटर जागा मिळावी. म्हणजे केवढी? एखाद्या मोठ्या कॅरम बोर्डाएवढी.

एकट्याने तिथे जीव रमेल का? नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी तरुण खोकड माद्यांना सोबतीसाठी मेहनत करायला लावून पाहिलं. त्यांनी ती केली! खाण्यासाठी जास्त केली, पण सोबतीसाठीही केली.

मग सगळ्यांना एकत्र ठेवलं की झालं? तेही करून पाहिलं गेलं. पिल्लं लहान असेपर्यंत छान खेळली, एकमेकांना बिलगून झोपली. पण थंडीची चाहूल लागली आणि चावाचावी वाढली. कुणाच्या शेपटीला जखम, कुणाच्या कानाला. दुबळ्याला खाण्याजवळ येऊ देईनात.

याचं कारण जंगलात सापडतं. शरद ऋतूत तिथली तरुण खोकडं आईबाबांना सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात. पिंजऱ्यातल्या खोकडाचं शरीरही त्याला सांगतं, ‘चल, निघ आता!’ पण दार बंद. ते कान पाडतं, शेपटी खाली घालतं, ‘मी चाललो’ म्हणतं. पण जाणार कुठे? समोरच्याला वाटतं, हा अजून इथेच कसा? आणि भांडण पुन्हा पेटतं.

म्हणजे खोकड भांडखोर नाही. त्याला सोबतही हवी आणि बाजूला व्हायला वाटही हवी. मोठं आवार, लपायला खोपटं, खाण्याच्या वेगवेगळ्या जागा यांनी थोडा फरक पडतो. पण मैलोन् मैल भटकणाऱ्या प्राण्याला पुरेल एवढी वाट पिंजऱ्यात कशी मावणार? म्हणूनच मला आनंद वाटतो, की नॉर्वेने २०१९ मध्ये फरसाठी प्राणी पाळायला बंदी करणारा कायदा केला आणि २०२५ पासून ती पूर्ण लागू झाली. आपल्या भारतानेही २०१७ च्या जानेवारीत खोकडाच्या फरची आयात बंद केली.

आणि आपले खाडीकाठचे कोल्हे? त्यांची वाट म्हणजे ही तिवरं. तिथे भराव पडला, तर त्यांनाही बाजूला व्हायला जागा उरणार नाही. म्हणून तिवरं जपायची. कोल्हा दिसला तर लांबूनच बघायचं, जवळ जायचं नाही, खाऊ घालायचा नाही.

आता एक काम करा. गॅलरीत उभे राहून गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघा. दोघं एकमेकांवर गुरगुरली की शेपटी आधी कोण खाली घालतं? आणि मग ते कोणत्या वाटेने जातं? वहीत लिहून ठेवा.