इंदूरचा खड्डा

कापूस वेचून झाला की उरते पऱ्हाटी. ती चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवली जाते. इंदूरमध्ये शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिला मातीची वाट दाखवली. खताच्या या पद्धतीवरचं त्यांचं पुस्तक १९३१ साली आलं.

पऱ्हाट्या, तुराट्या आधी गाडीवाटेवर पसरायच्या, म्हणजे चाकांखाली त्या चिरडल्या जात. मग गोठ्यात जनावरांखाली अंथरायच्या. शेणामुतानं भिजलेला हा काडीकचरा दोन फूट खोल खड्ड्यात थरांनी रचायचा. सोबत गोठ्यातली मूत मुरलेली माती, राख आणि शेणकाला. खड्डा फार खोल नको, कारण तळाशी हवा पोहोचत नाही आणि हवेविना कुजणं रखडतं. जिवाणू कामाला लागले की ढीग चांगलाच तापतो. तणांचं बरंचसं बी तिथेच मरतं. पुरेसा ओलावा, तीनदा उलथापालथ, आणि तीन महिन्यांत खत तयार.

उकिरड्यावरचा अर्धाकच्चा काडीकचरा भाजीला घालणं मात्र टाळावंच. तो पचवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि मेथी, वांगी पिवळी पडतात.

पुरतं कुजलेलं खत मिसळलं की काळी चिकण माती दाणेदार होते, पाणी मुरतं, मुळांना हवा मिळते. साचलेल्या पाण्यात लगेच सडणाऱ्या पपईला याचा मोठा आधार होतो.