स्वस्त स्पोर्ट्स कार, महागडा गंज

उघड्या टपाची, लांब नाकाची, दोघांपुरती ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हटली, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जग्वारची ई-टाइप उभी राहते आणि पाठोपाठ तिची न परवडणारी किंमतही. मात्र साठ आणि सत्तरच्या दशकांतील सगळ्याच ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या श्रीमंतांच्या मक्तेदारीतल्या नाहीत. एमजी बी, एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर या गाड्या आजही ब्रिटनमध्ये नव्या कोऱ्या छोट्या कौटुंबिक गाडीपेक्षा कमी पैशांत मिळतात. प्रश्न गाडी मिळण्याचा नाही. कमी किमतीला भुलून घेतलेली गाडी पुढे खरेदीच्या दुप्पट खर्च तर करायला लावणार नाही ना, हा खरा प्रश्न आहे.

स्वस्त का?

या गाड्या स्वस्त राहण्याचे पहिले कारण त्यांच्या संख्येत आहे. एमजी बी १९६२ मध्ये बाजारात आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत राहिली. उघडी आणि बंद टपाची 'जीटी' मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. स्पिटफायरही १९६२ ते १९८० याच काळात निघाली आणि तिची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली. १९६१ मध्ये आलेली मिजेट या दोघींहून लहान. दुर्मीळ वस्तूला भाव चढतो. येथे तो चढण्याइतकी दुर्मीळता नाही.

दुसरे कारण त्यांच्या साधेपणात आहे. या गाड्यांची इंजिने आणि इतर भाग त्या काळच्या सामान्य घरगुती गाड्यांमधून घेतलेले होते. त्याचा एक धागा थेट आपल्यापर्यंत पोहोचतो. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून भारतात बनवलेली 'स्टँडर्ड हेराल्ड' जुन्या पिढीतील वाचकांना आठवत असेल. ती मूळची ब्रिटनची ट्रायम्फ हेराल्ड. इटालियन रचनाकार जोव्हानी मिकेलोत्ती यांनी हेराल्डला रूप दिले आणि तिच्याच चॅसीवरून बेतलेली स्पिटफायरही त्यांनीच घडवली. हेराल्डचे इंजिन ज्याने उघडले आहे, अशा मेकॅनिकला स्पिटफायरचे इंजिन परके वाटू नये.

इंजिन नव्हे, पत्रा पाहा

नवखा ग्राहक सर्वप्रथम बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करून आवाज ऐकतो आणि चकाकणारा रंग पाहून हरखतो. जाणकार मात्र आधी गुडघ्यांवर बसून गाडीच्या खाली पाहतो. कारण या गाड्यांचे यांत्रिक भाग आजही नवे मिळतात आणि तुलनेने स्वस्तही असतात. गंजलेला सांगाडा दुरुस्त करणे हे मात्र आठवड्यांचे, कुशल हातांचे आणि म्हणून महागडे काम आहे.

एमजी बीला वेगळी चॅसी नाही. संपूर्ण पत्र्याचा सांगाडाच गाडीचा भार पेलतो. टप उघडा असल्याने वरून आधार देणारे छत नाही, त्यामुळे दारांखालून जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोकळ तुळया, म्हणजे 'सिल', गाडीचा कणाच ठरतात. बर्फ वितळावा म्हणून ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. ते खारे पाणी या पोकळीत शिरते आणि पत्रा आतून खात जाते. बाहेरून रंग शाबूत दिसतो तेव्हा आतला पत्रा संपलेला असू शकतो. अनेकदा बाहेरच्या पत्र्यावर नवा पत्रा जोडून वर पुट्टी आणि रंग चढवलेला असतो.

ही लबाडी ओळखण्यास महागडी साधने लागत नाहीत. एक छोटे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सिल, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या खालच्या कडांवरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. दार आणि मडगार्ड यांच्यातील फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते पाहावे. वरची फट मिटत आली असेल तर गाडी मधोमध वाकली आहे असे समजावे. जॅकवर एक बाजू उचलल्यानंतर दार उघडता-मिटताना अडकू लागले, तर सौदा तेथेच थांबवणे श्रेयस्कर. आसनांमागील बॅटरीचे कप्पे, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जेथे अडकवलेल्या असतात ती जागा आणि पायाखालची फरशी याही गंजाच्या लाडक्या जागा.

स्पिटफायरला स्वतंत्र चॅसी असली तरी निश्चिंत होऊ नये. मागची चाके जागेवर धरणारे दांडे शरीराच्या पत्र्याला जोडलेले असल्याने तिचेही सिल मजबूत असावे लागतात. तिचे संपूर्ण नाक एकसंध पुढे उलगडते, त्यामुळे इंजिनाची तपासणी मात्र फार सोपी.

यंत्राची परीक्षा

सांगाडा पास झाला की यंत्राकडे वळावे. विक्रेत्याला इंजिन आधीपासून गरम करून ठेवू नका असे सांगावे. थंड इंजिन खरे बोलते. एमजी बीचे इंजिन १७९८ सीसीचे आणि दणकट आहे. ते गरम झाल्यावर चालत्या गाडीत ऑइलचा दाब ५० पौंडांच्या आसपास किंवा वर असावा. निळसर धूर दिसल्यास इंजिन ऑइल जाळते आहे. १९६७ पूर्वीच्या एमजी बीमध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, तेव्हा चालत्या गाडीत पहिला गिअर टाकताना होणारी खरखर हा त्या गाड्यांचा स्वभाव समजावा. तारांची चाके असतील तर गाडी पुढे-मागे करताना 'टक्' असा आवाज येतो का, ते ऐकावे. तसा आवाज चाकाच्या तुंब्यातील खाचा झिजल्याचे लक्षण असतो.

स्पिटफायरची एक परीक्षा तर पाच सेकंदांची आहे. दुसऱ्या माणसाला क्लच दाबण्यास सांगून इंजिनाच्या पुढच्या पुलीकडे पाहावे. पुली स्पष्टपणे पुढे सरकली तर आतील थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते निसटून पडल्यास क्रँकशाफ्ट आणि इंजिनाचा ठोकळा दोन्ही निकामी होऊ शकतात. तिच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांना, 'ट्रनियन'ना, ग्रीसऐवजी गिअर ऑइल लागते. तेथे हयगय झाली तर सांधा तुटून चाक मोडून पडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून 'ट्रनियनला काय घालता?' हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. उत्तरावरून गाडीची निगा कशी राखली गेली, ते कळते.

कायद्याची सवलत आणि तिचा सापळा

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहन म्हणून रस्ता कर माफ होतो. लंडनच्या प्रदूषण शुल्क क्षेत्रातही अशा वाहनांना सूट आहे. २०१८ पासून, मोठे बदल न केलेल्या अशा गाड्यांना 'एमओटी' ही वार्षिक तपासणीही बंधनकारक राहिलेली नाही. सवलत सुखाची असली तरी तिचा दुसरा अर्थ ग्राहकाने ध्यानी घ्यावा. समोरची गाडी गेल्या कित्येक वर्षांत कोणा तज्ज्ञाने खालून पाहिलेलीच नसेल. गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मात्र कायद्याने मालकाचीच असते. या गाड्यांत आजच्यासारख्या सुरक्षा पिशव्या नाहीत. टक्कर झाल्यास माणूस आणि रस्ता यांच्यामध्ये उरतो तो फक्त पत्रा, आणि तोच कुजलेला असेल तर कमी किमतीला काही अर्थ उरत नाही. म्हणून सौद्याआधी विक्रेत्याकडून स्वेच्छेने नवी एमओटी तपासणी करून मागावी. जुन्या तपासण्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून पाहता येतात. त्यांत गंजाबाबतचे इशारे आणि धावलेल्या मैलांचे आकडे असतात.

इंधनाचाही विचार हवा. शिसेयुक्त पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० पासून सर्वसामान्य विक्रीतून गेले. त्यामुळे इंजिनाच्या हेडमध्ये कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्या आहेत का, हे विचारावे. २०२१ पासून तेथे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल सर्रास झाले आहे. इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या व वॉशर खराब होतात, तेव्हा त्या बदलल्या असल्याची खात्री करावी.

कोणती निवडावी?

एमजी बीमध्ये १९७४ च्या अखेरीपासून अमेरिकेच्या नियमांपायी चकाकत्या क्रोमऐवजी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढवण्यात आली. रसिकांना हे रूप रुचले नाही, म्हणून या गाड्या तुलनेने स्वस्त मिळतात. बंद टपाची जीटीही उघड्या गाडीपेक्षा स्वस्त असते. ज्याला गाडी प्रदर्शनात न मांडता चालवायची आहे, त्याच्यासाठी हे दोन्ही पर्याय शहाणपणाचे. अमेरिकेत निर्यात होऊन कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागांतून परत आलेल्या गाड्यांचा पत्रा बहुधा चांगला असतो. मात्र त्यांचे सुकाणू डावीकडे असते आणि उन्हाने आतील आसने व डॅशबोर्ड तडकलेले असतात.

अशी गाडी भारतात आणण्याचा विचार कोणाच्या मनात आलाच, तर पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची आयात २०२५ मध्ये सुलभ झाली असली तरी सीमाशुल्काचा बोजा मोठा आहे. २०२१ च्या नियमांनुसार येथील 'व्हिंटेज' नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून असे वाहन रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

शेवटी हिशेब साधा आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी पत्रा निरोगी असलेली गाडी महाग असली तरी तीच घ्यावी. एमजी बीचा संपूर्ण नवा सांगाडाही १९८८ पासून मूळ साच्यांवर बनवून मिळू लागला, पण तो बसवण्याचा खर्च एक बरी चालती गाडी विकत घेण्याहून अधिक होतो. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु चुंबक, विजेरी आणि एक सवड काढलेली सकाळ एवढी पूर्वतयारी केली, तर ते मोल आवाक्यात ठेवता येते.