उघडी वही
(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वडगावातल्या आमच्या घरी मागाच्या खोलीत एक कोनाडा आहे. त्यात बाबांची मजुरीची वही असते. कोणत्या तारखेला किती साड्या उतरल्या, व्यापाऱ्याने मजुरी किती दिली, कोणत्या साडीत दोष निघाला आणि त्यापायी किती रुपये कापले, हे सारे त्या वहीत बाबांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेले असते. बाबांखेरीज ती वही कोणी उघडत नाही. मी मात्र गेले दीड वर्ष माझी तशीच एक वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चारचौघांत उघडून दाखवते आहे. चारचौघांत म्हणजे, नोव्हेंबर २०२५ अखेरच्या मोजणीप्रमाणे, माझ्या यूट्यूब वाहिनीच्या १,१३४ वर्गणीदारांत. (यातला एकही वर्गणी देत नाही, तरी त्यांना वर्गणीदार का म्हणायचे, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.)

वाहिनी अगदी साधी आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेली आमच्या भागातली मुले पी.यू.सी.ला कॉमर्स घेतात आणि पहिल्याच आठवड्यात इंग्रजी पुस्तकापुढे त्यांची बोबडी वळते. माझीही वळली होती. ‘डेप्रिसिएशन’ म्हणजे आपल्या घरच्या मागाची दरवर्षी होणारी झीज, एवढे कळायला मला दोन महिने लागले. म्हणून जून २०२४ पासून मी प्रत्येक धडा एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये समजावून सांगू लागले. घसारा आणि सवकळी, नफा-तोटा आणि लाभ-नष्ट. पाठीमागे पांढरा फळा, डोक्यावर ट्यूबलाइट आणि शेजारी मागाचा खडखडाट. सुरुवातीच्या व्हिडिओंत माझ्या आवाजापेक्षा तो खडखडाटच जास्त ऐकू येतो.

पण या लेखाचा विषय वाहिनी नव्हे, वही आहे. आपली चढउतार, कमाई, चुका आणि तोटा प्रेक्षकांपुढे नियमाने मांडण्याची एक रीत या धंद्यात आहे. ती मी का धरली, हे आधी सांगते.

माझ्या मावसभावाने तीन वर्षांपूर्वी ‘महिना लाख रुपये कसे कमावले’ अशा मथळ्याचे व्हिडिओ पाहून ५२,००० रुपयांचा कॅमेरा हप्त्यांवर घेतला. पोरगा आळशी नव्हता. वर्षभर राबला, सत्तर-ऐंशी व्हिडिओ केले. शेवटी दोन हप्ते बाकी असतानाच कॅमेरा ३१,००० ला विकला आणि तेव्हापासून तो त्या विषयावर घरात एक अक्षर बोलत नाही. त्याने पाहिलेले लाखाचे आकडे कदाचित खरेही असतील. पण बुडालेले दुकान रस्त्यावर पाटी लावून ‘मी बुडालो’ असे सांगत नाही. ज्यांचे जमले नाही ते गप्प बसतात आणि ज्यांचे जमले तेवढेच बोलतात. ऐकणाऱ्याला वाटते, सगळ्यांचेच जमते! माझ्या मावसभावाने त्या वर्षाचा हिशेब मांडून ठेवला असता, तर तो वाचून आणखी चार जणांचे हप्ते वाचले असते, असे मला राहून राहून वाटले.

परदेशात ही रीत जुनी आहे. अमेरिकेत पॅट फ्लिन नावाचा गृहस्थ आर्किटेक्टच्या कचेरीत होता. २००८ साली त्याची नोकरी गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो आपल्या इंटरनेटवरच्या धंद्याचा मासिक जमाखर्च सर्वांना वाचायला देऊ लागला. हे त्याने २०१७ अखेरपर्यंत चालवले. बफर नावाच्या कंपनीने डिसेंबर २०१३ मध्ये तर आपल्या सर्व माणसांचे पगार जाहीर केले. यात एक ग्यानबाची मेख आहे, ती कॉमर्सच्या विद्यार्थ्याने नीट पाहावी. फ्लिनच्या हिशेबात जमेची एक मोठी बाब दलालीची असे. त्याचे पाहून जे स्वतःचे संकेतस्थळ काढत, ते त्याने सुचवलेल्या कंपनीकडून जागा भाड्याने घेत आणि ती कंपनी त्याला दलाली देई. हे त्याने लपवले नव्हते, वहीतच लिहिले होते. तरी परिणाम असा की जमाखर्चाची वहीच दुकानातला माल झाली. जितकी कमाई दाखवावी तितके गिऱ्हाईक वाढावे. तेव्हा कोणी वही उघडून दाखवली की ‘वा, काय प्रामाणिक माणूस!’ म्हणण्याआधी, ही वही दाखवण्यातून त्याला काय मिळते, एवढे विचारून घ्यावे.

मला काय मिळते, तेही सांगते.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. जाहिरातीतला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला देण्याची योजना २००७ ची. नेहमीच्या लांब व्हिडिओवर येणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातले शंभरातले पंचावन्न रुपये करणाऱ्याला आणि पंचेचाळीस कंपनीला, असा तो वाटा आहे. पण पंगतीत बसायला आधी पान मिळावे लागते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेल्या नियमाप्रमाणे १,००० वर्गणीदार हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिलेले हवेत. (छोट्या, उभ्या व्हिडिओंसाठी तासांऐवजी नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची वेगळी अट आहे. त्या वाटेला मी गेले नाही. घसारा एका मिनिटात शिकवता येत नाही.)

नवख्याला चकवणारे शब्द आहेत ‘मागच्या बारा महिन्यांत’. हे तास बँकेतल्या ठेवीसारखे साठत नाहीत. ती गळकी घागर आहे. आज एक तास आत येतो तेव्हा मागल्या वर्षी याच तारखेला आलेला तास खालून गळून जातो. नोव्हेंबर अखेर माझ्या घागरीत २,३१० तास होते. म्हणजे १,६९० कमी. त्यातले ९६० तास २०२५ च्या जानेवारी ते मार्च या परीक्षेच्या मोसमात आलेले आहेत. येत्या मोसमात तेवढेच पुन्हा आले नाहीत तर माझा आकडा वाढण्याऐवजी घटेल. एप्रिल-मे महिन्यांत माझे व्हिडिओ कोणी पाहत नाही. सुट्टीत हिशेबाचे पुस्तक कोण उघडतो? मीही उघडत नाही.

तेव्हा जाहिरातीचे उत्पन्न आजवर शून्य. मग जमेच्या बाजूला काही आहे का? आहे, आणि इथेच बुककीपिंगचा खरा पेच सुरू होतो. वाहिनी पाहून जुलै २०२५ पासून दोन मुले माझ्याकडे शिकवणीला येऊ लागली. प्रत्येकी महिना ६०० रुपये, पाच महिन्यांचे ६,००० झाले. हे उत्पन्न वाहिनीचे की शिकवणीचे? मुले वाहिनीमुळे आली म्हणून मी वाहिनीच्या खाती धरले. आता नावे बाजू: माइक १,१०० रुपये, मोबाइलचा स्टँड ६५०, फळा ४८०, मिळून २,२३०. मोबाइलचा रिचार्ज महिना २९९ प्रमाणे अठरा महिन्यांचे ५,३८२. एकूण खर्च ७,६१२. म्हणजे १,६१२ रुपये तोटा.

पण रिचार्ज तर मी वाहिनी नसती तरीही केलाच असता! निम्माच वाहिनीच्या नावे टाकला तर खर्च ४,९२१ होतो आणि तोट्याच्या जागी १,०७९ रुपये नफा उभा राहतो. एक पैसाही इकडचा तिकडे झाला नाही, फक्त एक ओळ हलली. ‘पहिल्या दीड वर्षातच नफ्यात!’ असा मथळा मी उद्या देऊ शकते आणि त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटे काही नसेल. आमच्या सरांनी पहिल्या वर्षी सातत्याचा संकेत आणि सावधगिरीचा संकेत शिकवले, तेव्हा ते पाच मार्कांचे उत्तर म्हणून मी पाठ केले होते. एकदा धरलेली पद्धत सोयीप्रमाणे बदलू नये, आणि नफा घाईने धरू नये. पहिल्या महिन्यात मी पूर्ण रिचार्ज नावे टाकला होता. तोच ठेवला आणि तोटाच दाखवला. या हिशेबात माझी मेहनत धरलेली नाही. महिन्याला तीस तास म्हटले तरी अठरा महिन्यांचे ५४० तास होतात. त्यांना कोणता दर लावायचा हे मला ठरवता आले नाही, म्हणून वहीत ते नुसते तास म्हणून लिहिते.

इथवर वाचून आपणांस वाटेल की ही मुलगी मोठी सत्यवादी दिसते. म्हणून आता घसाऱ्याची गोष्ट सांगणे भाग आहे.

घटत्या बाकीच्या पद्धतीवरचा माझा व्हिडिओ सगळ्यांत जास्त चालला. ४०,००० रुपयांचे यंत्र, घसारा दहा टक्के. पहिल्या वर्षी ४,०००, दुसऱ्या वर्षी ३६,००० वर ३,६००. तिसऱ्या वर्षी ३२,४०० वर ३,२४० यायला हवेत. मी फळ्यावर पुन्हा ३६,००० चेच दहा टक्के काढून ३,६०० लिहिले, मोठ्या आत्मविश्वासाने खाली दोन रेघाही ओढल्या. जानेवारी २०२५ मध्ये खानापूरकडच्या एका मुलीने खाली लिहिले, “ताई, आमच्या मॅडमनी तिसऱ्या वर्षाचं वेगळं सांगितलंय. कुठलं बरोबर?”

चूक मला त्याच रात्री कळली. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच जागी बदलून दुसरा ठेवता येत नाही. एक तर खाली दुरुस्तीची टीप द्यायची, नाहीतर व्हिडिओच काढून टाकायचा. टीप कोण वाचतो? परीक्षेच्या आदल्या रात्री मुले फळ्यावरचे उतरवून घेतात आणि झोपतात. काढून टाकणे हाच रास्त उपाय होता. पण काढून टाकलेल्या व्हिडिओचे तास मोजणीत धरत नाहीत, आणि त्या एका व्हिडिओचे १९० तास होते. तोवरच्या माझ्या साऱ्या घागरीत ७०० सुद्धा नव्हते.

मी अकरा दिवस काहीच केले नाही. त्या मुलीला उत्तरही दिले नाही. रोज सकाळी उठून तास किती वाढले ते मात्र पाहत होते आणि ते वाढत होते, कारण परीक्षा जवळ आली होती. बाराव्या दिवशी व्हिडिओ काढला, दुरुस्त करून नवा चढवला आणि तिला उत्तर लिहिले. त्या महिन्याच्या वहीत मी नोंद केली, ‘एक व्हिडिओ काही कारणाने काढला, १९० तास कमी झाले.’ काही कारणाने! बाबांच्या व्यापाऱ्याने ‘काही कारणाने’ म्हणून मजुरी कापली असती तर आमच्या घरात केवढे रामायण झाले असते.

त्या नोंदीखाली त्याच मुलीचा प्रश्न आला, “ताई, कारण का नाही लिहिलं?” रागाने नव्हे, साधाच. पुढच्या रविवारच्या वहीत मी सगळे लिहिले: चूक कोणती, कळली कधी, आणि अकरा दिवस गप्प का बसले. त्या आठवड्यात तेवीस वर्गणीदार कमी झाले. एकाने लिहिले की जिला स्वतःला येत नाही तिने शिकवू नये. त्याला द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मात्र तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ चढवण्यापूर्वी माझी वर्गमैत्रीण सगळी आकडेमोड तपासते आणि तिचा हा अर्धा तासही वहीत लिहिला जातो.

बाबांना हे पसंत नाही. त्यांचे म्हणणे, “घरातली फाटकी चादर गल्लीत वाळत घालायची कशाला? लोक चादर बघत नाहीत, भोक बघतात.” यात तथ्य आहे. म्हणून काय उघडायचे नाही तेही मी ठरवून टाकले आहे. घराची गल्ली, कॉलेजला जाण्यायेण्याची वेळ, शिकवणीच्या मुलांची नावे आणि मार्क, आईचे आजारपण, यातले काही वहीत येत नाही. मुलीने कॅमेऱ्यासमोर बसायचे तर हे कुंपण हवेच. ‘मराठीत कशाला?’ आणि ‘कन्नडमध्ये कशाला?’ असे विचारणारे दोन्हीकडचे शूरवीर येतात, त्यांची मी फक्त संख्या लिहिते. ऑक्टोबरात दोन्हीकडे सारखी होती: सात आणि सात.

एक नोंद मात्र बाबांनीही वाचून मान डोलावली. पुस्तकांच्या एका दुकानदाराने एक गाइड चांगले आहे असे व्हिडिओत सांगण्यासाठी १,५०० रुपये देऊ केले. जाहिरात असल्यास तसे स्पष्ट लिहावे असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच ठरवून दिले आहे. मी म्हटले, ‘ही जाहिरात आहे’ असे वर लिहीन. ते म्हणाले, मग उपयोग काय? पैसे आले नाहीत. वहीत जमेच्या रकान्यात शून्य लिहून समोर हा प्रसंग लिहिला, दुकानाचे नाव घातले नाही. माझा तोटा १,६१२ ऐवजी ११२ झाला असता, हे मात्र कंसात लिहिल्याशिवाय राहवले नाही.

डिसेंबरची वही लिहायला घेतली आहे. पहिलीच नोंद नावे बाजूची आहे: माइकची वायर मागाच्या चाकात अडकून तुटली, नवीन वायर १८० रुपये.